हवेच्या कलाने

जूनच्या मध्याला शाळा उघडते तेव्हा डोंबिवलीच्या हवेत इतकं पाणी असतं की ओल्या फडक्याने पुसलेला फळा तास संपत आला तरी नीट वाळत नाही, आणि ओल्या जागी खडू उमटत नाही. वह्यांची पानं मऊ पडतात. डब्यातली बिस्किटं मधल्या सुट्टीपर्यंत सादळतात. गॅलरीत रात्रभर वाळत घातलेला गणवेश सकाळी इस्त्री फिरवून अंगात चढवावा लागतो आणि पहिल्या तासाला वर्गभर दमट कापडाचा वास असतो. पदार्थाच्या अवस्था शिकवायला याहून चांगली प्रयोगशाळा मला मिळाली नसती. मात्र ही प्रयोगशाळा तिच्या वेळापत्रकाने चालते, आणि शिक्षकाने तिच्या मागून जायचं असतं.

मी पाचवी-सहावीला विज्ञान शिकवते. सहावीच्या सामान्य विज्ञानात ‘पदार्थ सभोवतालचे – अवस्था आणि गुणधर्म’ हा पाठ आहे. पाठ नेटका आहे. पुण्यात २७ जानेवारी १९६७ रोजी बालभारतीची स्थापना झाली आणि तेव्हापासून एकच पुस्तक गोंदियापासून सावंतवाडीपर्यंत जातं. पण पुस्तक एक असलं तरी हवा एक नसते. चंद्रपूरच्या मार्चमध्ये ताटलीतलं पाणी जेवढ्या वेळात उडून जातं, तेवढ्या वेळात डोंबिवलीच्या जुलैत ते जेमतेम कमी होतं. म्हणून वार्षिक नियोजनात या पाठासमोर एकच आठवडा लिहिलेला असला, तरी मी तो जून ते मार्च असा, हवेच्या कलाने, थोडा थोडा शिकवते. व्याख्या अगदी शेवटी येतात. या क्रमाबद्दल माझं मत ठाम आहे. स्थायू-द्रव-वायू हे तीन शब्द पहिल्याच दिवशी फळ्यावर लिहिले की मुलांना वाटतं जगातल्या वस्तू तीन कप्प्यांत आधीच लावून ठेवल्या आहेत, आपण फक्त कप्पा ओळखायचा. मग त्या वस्तूकडे कुणी बघत नाही.

जूनमध्ये सुरुवात करते ती थंड पेल्याने. स्टीलचा पेला, त्यात पाणी आणि बर्फाचे चार खडे, वर घट्ट झाकण. पाच मिनिटांत पेल्याच्या बाहेरच्या अंगाला घाम फुटतो. हे पाणी आलं कुठून, एवढंच विचारते. वर्गाचं उत्तर जवळजवळ दर वर्षी सारखंच असतं : ‘‘बाई, आतलं पाणी झिरपलं.’’

या उत्तरावर चूक अशी खूण करणं मला पटत नाही, कारण मुलं ते हवेतून आणत नाहीत. त्यांच्या घरी माठ असतो. माठाच्या अंगाला हात लावला की ओला लागतो, आणि तिथे पाणी खरोखरच आतून बाहेर झिरपलेलं असतं. बाहेर आलेलं ते पाणी उडून जाताना माठातली उष्णता घेऊन जातं, म्हणूनच माठ गार राहतो. म्हणजे मुलांनी एका खऱ्या अनुभवावरून दुसऱ्या वस्तूचा अंदाज बांधला. विज्ञान करणारा माणूस हेच करतो. आता त्या अंदाजाची परीक्षा घ्यायची. पेल्यात साध्या पाण्याऐवजी कोकमाचं गडद सरबत ओततो. झिरपलं असेल तर बाहेरचे थेंब लाल हवेत. पांढऱ्या कागदी रुमालाने पेला पुसला की रुमाल पांढराच राहतो. एखादी चौकस मुलगी म्हणते, ‘‘रंग आत अडकला असेल, पाणी तेवढं बाहेर आलं असेल.’’ हा आक्षेप चांगला आहे आणि त्याला उत्तर द्यावंच लागतं. मग स्वयंपाकघरातला डिजिटल काटा काढतो. झाकण लावलेला कोरडा पेला बर्फासकट तोलायचा, अर्ध्या तासाने थेंबांसकट पुन्हा तोलायचा. पाणी आतून बाहेर आलं असेल तर वजन तेच राहील. काट्यावर दोन-तीन ग्रॅम जास्त दिसतात. वर्गात मोठ्याने वाचलेला तो आकडा, माझ्या मते, या पाठातला सगळ्यात महत्त्वाचा आकडा आहे. पेल्यावर कुठून तरी नवं पाणी येऊन बसलंय, आणि पेल्याच्या भोवती हवेशिवाय दुसरं काही नाही.

हा प्रयोग जुलैत केला तर भरघोस होतो, कारण तेव्हा इथल्या हवेची आर्द्रता ८०-९० टक्क्यांवर असते. तोच पेला जानेवारीच्या कोरड्या दुपारी ठेवला की घाम कमी येतो, उशिरा येतो. मी दोन्ही वेळा करते. तारीख, वेळ, ग्रॅम असं मुलं वहीत लिहून ठेवतात, आणि जानेवारीत जुनी पानं उलटून त्यांनाच फरक सापडतो.

उलट दिशेचा प्रयोग ताटलीचा. दोन ताटल्यांत सारखं पाणी, एक उघडी, एक दुसऱ्या ताटाखाली झाकलेली. जुलैत उघड्या ताटलीतलं पाणी दुसऱ्या दिवशीही शिल्लक असतं. फेब्रुवारीत पंख्याखाली ठेवलं तर शाळा सुटेपर्यंत ताटली कोरडी होते. पाणी कुठे गेलं म्हटलं की उत्तरं येतात : ताटलीने शोषलं, सूर्याने ओढून घेतलं, संपलं. सूर्यावर मुलांचा फार भरवसा असतो, कारण जलचक्राच्या चित्रात सूर्याकडून बाण निघालेला त्यांनी पाहिलेला असतो. म्हणून एक ताटली वर्गातल्या अंधाऱ्या कपाटात, दार थोडं किलकिलं ठेवून ठेवायची. तीही वाळते. उकळल्याशिवाय वाफ होत नाही ही समजूत तर मोठ्यांचीही असते. पाणी कोणत्याही तापमानाला पृष्ठभागावरून उडत असतं, हे कळायला ती अंधारातली कोरडी ताटली पाहावीच लागते.

‘संपलं’ हे उत्तर मात्र मला सगळ्यात जास्त काम देतं. दिसेनासं झालं म्हणजे नाहीसं झालं, अशी मुलांची पक्की खूणगाठ असते, आणि तिच्या मुळाशी हवा म्हणजे रिकामी जागा हा समज असतो. जोवर हवा ही वस्तू आहे हे पटत नाही, तोवर पाणी हवेत गेलं हे वाक्य त्यांच्या लेखी ‘पाणी कुठेच गेलं नाही’ असंच राहतं. त्यामुळे माझ्या वर्गात वायू हा पाठाचा शेवट नसून मधला खांब असतो, आणि त्याला मी भरपूर वेळ देते.

औषधाच्या दुकानातून सुई नसलेली सिरिंज आणायची. दट्ट्या मागे ओढून आत हवा घ्यायची, टोकावर बोट घट्ट दाबायचं आणि दट्ट्या आत रेटायचा. तो थोडा आत जातो, मग अडतो, आणि सोडला की मागे येतो. आता आत पाणी घेऊन तेच करायचं. दट्ट्या हलत नाही. बोटाला जे कळतं ते फळ्यावर लिहून कळत नाही : हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही, आणि दाबलेली हवा परत ढकलते. दहा-बारा सिरिंजा असल्या की सगळ्या वर्गाच्या बोटांना हे कळतं.

हवेला वजन असतं हे दाखवायला पुष्कळ ठिकाणी काठीच्या दोन टोकांना दोन फुगे बांधतात आणि एक फोडतात. मी हा प्रयोग करत नाही. फुग्यातली हवा बाहेरच्या हवेपेक्षा अगदी किंचित दाबलेली असते, आणि बाहेरची हवा फुग्याला वर उचलून धरते. त्यामुळे काठीचा कल बदलला तर तो बऱ्याचदा फाटलेल्या रबराचे तुकडे उडाल्यामुळे असतो. त्यापेक्षा शाळेचा फुटबॉल घ्यावा. हवा कमी असलेला पण गोल राहणारा फुटबॉल आधी तोलायचा, मग पंपाने टणक भरून पुन्हा तोलायचा. काटा चार-पाच ग्रॅमने पुढे जातो. त्यानंतर वर्गाचं माप घेतो. साधारण आठ मीटर लांब, सहा रुंद, तीन उंच. म्हणजे १४४ घनमीटर हवा. एका घनमीटर हवेचं वस्तुमान साधारण १.२ किलो. गुणाकार मुलंच करतात आणि १७० किलोच्या वर उत्तर आलं की कुणीतरी तो पुन्हा करून बघतं. वर्गातली सगळी हवा तोलली तर दोन मोठ्या माणसांहून जास्त भरेल, हे त्या दिवशी घरोघरी पोचतं.

डोंबिवलीच्या मुलांना वायूविषयी शिकवताना एक गोष्ट बाजूला ठेवता येत नाही. २६ मे २०१६ आणि २३ मे २०२४ या दोन दिवशी इथल्या एमआयडीसीत मोठे स्फोट झाले. माणसं गेली. कारखान्यापासून लांब असलेल्या घरांच्या खिडक्यांच्या काचाही फुटल्या. जूनमध्ये मुलं वर्गात आली ती हेच सांगत आली : आमच्याकडे काही उडून आलं नव्हतं, तरी काच फुटली. मी विषय बदलला नाही. ज्या मुलाने घरातल्या काचा गोळा केल्यात, त्याला हवा म्हणजे रिकामी जागा असं कुणी सांगू शकत नाही. स्फोटाने दाबलेली हवा पुढच्या हवेला ढकलते, ती त्यापुढच्या हवेला, आणि तो धक्का खिडकीपर्यंत येतो. सिरिंजवरचं बोट आणि ती काच यांच्यातलं नातं मी सावकाश, नीट समजावते. मुलांच्या भीतीला कारण कळलं तर ती थोडी हाताळता येते, असा माझा अनुभव आहे. रात्री खिडकीतून वास आला की कारखाना कुठे आणि घर कुठे, वारा कोणत्या दिशेचा, हे माझे विद्यार्थी आपण होऊन बोलतात. वायू मिळेल ती जागा व्यापतो, हे वाक्य इथल्या मुलांना पाठ करावं लागत नाही.

आता स्थायू. हा सोपा वाटतो, पण खरा घोटाळा इथेच आहे. दगड, लाकूड, पट्टी यांवर सगळ्यांचं एकमत होतं, आणि मग मी टेबलावर वाळू ठेवते. मुंब्रा, डोंबिवली पश्चिम, कल्याण असा खाडीकाठ धरून गेलं की रेतीबंदर नावाच्या जागा भेटतात. खाडीतली रेती तिथे उतरायची आणि आमच्या गावांच्या इमारती त्याच रेतीवर उभ्या राहिल्या. काही मुलांच्या घरात कुणी ना कुणी रेतीच्या कामावर होतं. वाळू ओतता येते, भांड्याचा आकार घेते, बोटांतून निसटते. मग ती द्रव का नाही? वर्गाचे सरळ दोन तट पडतात. भुकटीच्या रूपातले पदार्थ मुलांना स्थायू वाटत नाहीत, हे इस्रायलमध्ये रूथ स्टावी यांनी १९८०च्या दशकातच अभ्यासून मांडलं आहे. तांदूळ, मीठ, पिठीसाखर, रांगोळी यांनाही तोच प्रश्न लागू होतो.

इथे मी उत्तर सांगत नाही. भिंग देते आणि वाळूचा एकच कण बघायला लावते. तो कण बाटलीत ठेवा, वाटीत ठेवा, त्याचा आकार तोच. मग वाळू जमिनीवर ओतायला सांगते. ढीग होतो आणि ढिगाला टोक येतं. पाण्याचा ढीग होत नाही. आणखी ओतली की वाळू घरंगळते, पण उताराचा कोन साधारण तोच राहतो. मुलं कोनमापक लावून मोजतात, तीस ते पस्तीस अंश येतो. कण स्थायूचा, वागणं ढिगाचं, अशा दोन वेगळ्या गोष्टी एकाच मुठीत आहेत हे दहा-अकरा वर्षांच्या मुलांना कळतं, फक्त त्यांच्याशी त्यावर वाद घालायला वेळ काढावा लागतो.

दिवाळीनंतर मीठ येतं. ठाण्याहून मुंबईकडे पूर्व द्रुतगती मार्गाने जाताना मुलुंड, भांडुप, कांजूरमार्गच्या बाजूला मिठागरं दिसतात. भरतीचं पाणी उथळ चौकोनी वाफ्यांत घ्यायचं, ऊन-वाऱ्याने आटू द्यायचं, दाट झालेलं पाणी पुढच्या वाफ्यात सोडायचं. पाऊस संपल्यावर सुरू होणारं हे काम पुढच्या पावसाआधी उरकावं लागतं. ठाणे-कल्याण-भिवंडी-उरण पट्ट्यातल्या आगरी समाजाचं हे पिढ्यान्‌पिढ्यांचं ज्ञान. भातशेती आणि मीठ, दोन्ही पाण्याच्या हिशोबावर चालणारी कामं. समुद्राच्या एका लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात आणि पाणी आटून दहाव्या हिश्श्यावर आलं की मीठ बसायला लागतं. वर्गात एका मुलाचे आजोबा मिठागरावर काम केलेले होते. त्यांनी नातवाकरवी निरोप पाठवला की वारा नसेल तर नुसत्या उन्हाने भागत नाही. बाष्पीभवनावर वाऱ्याचा परिणाम हा पुस्तकातला मुद्दा आहे, पण त्या दिवशी वर्गाने तो आजोबांच्या नावावर लिहिला, आणि मला ते फार योग्य वाटलं. आम्ही ताटलीत मिठाचं पाणी ठेवून आटवतो. पाणी गेलं, मीठ राहिलं, म्हणजे दोघं एकत्र होते तेव्हाही वेगळेच होते. विरघळणं आणि वितळणं यांतली गल्लत इथे सुटते. साखर चहात विरघळते, कढईत वितळते. या दोन क्रिया मुलांनी एकदा शेजारी शेजारी पाहिल्या की पुन्हा घोळ होत नाही.

आणि मग जानेवारी. कल्याण-डोंबिवलीत खरी थंडी मोजक्या सकाळी पडते, आणि त्या सकाळी मला शाळेत जायची घाई असते, कारण घरोघरी पॅराशूटच्या निळ्या बाटलीतलं खोबरेल तेल गोठलेलं असतं. खोबरेल तेल साधारण २४ अंश सेल्सिअसला वितळतं. आमची पहाट या आकड्याच्या खाली आणि दुपार वर. म्हणजे एकच बाटली सकाळी स्थायू आणि मधल्या सुट्टीत द्रव, कुणी चूल पेटवलेली नाही, कुणी फ्रीज लावलेला नाही. पारदर्शक बाटलीत थोडं तेल घेऊन, तापमापक शेजारी टांगून मुलं दर अर्ध्या तासाला नोंद करतात. आधी कडा सुटतात, मग मधला पांढरा गोळा तेलात बुडतो. गोठलेलं तेल आपल्याच द्रवात तळाला जातं आणि बर्फ मात्र पाण्यावर तरंगतो, ही विसंगती मुलांनीच मला एका वर्षी दाखवली. गोठताना बहुतेक पदार्थ आकसतात, पाणी मात्र साधारण नऊ टक्क्यांनी फुगतं. काठोकाठ भरून फ्रीजरमध्ये ठेवलेल्या बाटलीचा फुगलेला तळ सगळ्यांनी पाहिलेला असतो.

या बाटलीवरून पुढे जाणं सोपं होतं. श्रीनगरच्या मुलीने हिवाळ्यात खोबरेल तेल पाहिलं तर ती त्याला कोणत्या गटात घालेल? लोखंड स्थायू का? आपण १५३८ अंशांच्या फार खाली राहतो म्हणून. नायट्रोजन वायू का? आपण उणे १९६ अंशांच्या फार वर राहतो म्हणून. स्वयंपाकाच्या गॅसचं तर मुलांना रोजचं कोडं आहे : १४.२ किलोचा सिलेंडर हलवला की आत द्रव डचमळतो, आणि शेगडीत येतो तो वायू. सिलेंडरला मी हात लावत नाही. पारदर्शक लायटर लांबून, माझ्याच हातात धरून दाखवते. त्यातला ब्युटेन सुमारे शून्य अंशालाच उकळतो, तरी इथल्या उकाड्यात द्रव राहतो तो फक्त दाबामुळे. झडप उघडली, दाब सुटला, की वायू. म्हणजे अवस्था ठरवताना तापमानाबरोबर दाबही विचारायचा. सहावीला एवढं पुरे, पण एवढं हवंच.

वाफेचा तास मी किटलीवर घेते. चोचीतून निघणारा पांढरा धूर म्हणजे वाफ, असं सगळे म्हणतात. चोचीच्या अगदी तोंडाशी बघा म्हटलं की तिथे बोटभर जागा स्वच्छ, रिकामी दिसते. खरी वाफ त्या न दिसणाऱ्या जागेत आहे. पांढरं दिसतं ते थंड हवेत पुन्हा झालेले पाण्याचे बारीक थेंब. उकळत्या पाण्यातल्या बुडबुड्यांत काय असतं, हा प्रश्न न्यूझीलंडमध्ये ऑस्बॉर्न आणि कॉसग्रोव्ह यांनी मुलांना विचारला होता आणि १९८३ साली त्याचा अहवाल प्रसिद्ध केला. हवा, उष्णता, ऑक्सिजन-हायड्रोजन अशी उत्तरं तिथल्या मोठ्या मुलांनीही दिली होती. माझ्या वर्गात आजही तीच उत्तरं येतात. बुडबुड्यात वाफच असते, म्हणजे पाणीच असतं.

एक लिटर पाण्याची वाफ झाली तर ती सोळाशे लिटरांहून जास्त जागा मागते. ती जागा दिली नाही की ती ढकलते. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला आलेल्या पहिल्या गाडीचे चौदा डबे याच ढकलण्यावर ३४ किलोमीटर आले. साहिब, सिंध आणि सुलतान ही तीन इंजिनं, सुमारे चारशे प्रवासी. पुढच्या वर्षी १ मे १८५४ला गाडी कल्याणपर्यंत आली, म्हणजे आमच्या शाळेच्या बाजूने गेली. मुलं ज्या रुळांवरून आजीकडे जातात तिथून पाण्याची तिसरी अवस्था धावत गेली होती, हे कळल्यावर किटलीकडे बघायची त्यांची नजर बदलते.

कणांचं चित्र मी यानंतरच काढते. पुस्तकांतल्या नेहमीच्या चित्रांत स्थायूचे कण चिकटून, द्रवाचे बरेच सुटे आणि वायूचे लांब लांब असतात. मधलं चित्र फसवं आहे. द्रवाचे कण जवळजवळ स्थायूइतकेच दाटीने असतात, नाहीतर सिरिंजमधलं पाणी दाबलं गेलं असतं. इथे आमची लोकल कामाला येते. सकाळच्या डब्यात मधोमध अडकलेला माणूस जागच्या जागी फक्त हलतो, तो स्थायू. ठाणे जवळ आलं की तीच माणसं एकमेकांना लागूनच, पण एकमेकांच्या बाजूने सरकत दाराकडे निघतात, तो द्रव. आणि फलाटावर उतरून दाही दिशांना पांगली की वायू. गर्दी दुसऱ्या चित्रातही तेवढीच आहे, फक्त सरकता येतं आहे. मैदानावर खडूने डबा आखून मुलं हे करून बघतात. मग मी विचारते, हे चित्र कुठे खोटं पडतं? प्रवाशाला कुठे जायचं ते माहीत असतं, कणाला माहीत नसतं. प्रवासी थकतो, कण थांबत नाही. उपमा वापरायची तर तिच्या मर्यादाही त्याच तासाला मुलांकडून काढून घ्याव्यात, नाहीतर उपमाच विज्ञान होऊन बसते.

कापराने मात्र सावध राहावं लागतं. आरतीत कापूर पेटतो आणि मागे काही उरत नाही, म्हणून मुलं त्याला संप्लवनाचं, म्हणजे स्थायूचा द्रव न होता थेट वायू होण्याचं, उदाहरण म्हणतात. कित्येक मोठी माणसंही म्हणतात. पेटणं म्हणजे जळणं, तिथे कापूर कापूर राहत नाही. संप्लवन बघायचं तर कापराची वडी काचेच्या बंद बरणीत घालून खिडकीत ठेवावी. काही दिवसांत वडी झिजते आणि बरणीच्या गार बाजूला पांढरे चकचकीत स्फटिक बसतात. वास घ्या, कापूरच.

यातून मुलांचा सगळ्यात आवडता प्रश्न येतो : ‘‘बाई, आग स्थायू, द्रव की वायू?’’ मायकल फॅरडे यांनी लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये १८६०-६१च्या नाताळात मुलांसमोर एका मेणबत्तीवर व्याख्यानमाला दिली होती. लोहाराचा मुलगा, पुस्तकबांधणीच्या दुकानात काम शिकलेला, आणि त्यांना मुलांशी बोलायला एक मेणबत्ती पुरत होती. त्यांचा एक प्रयोग मी स्वतः करून दाखवते. मेणबत्ती विझवायची आणि वातीतून निघणाऱ्या पांढऱ्या रेषेला, वातीपासून दोन बोटं वर, पेटती काडी लावायची. ज्योत रेषेवरून खाली उडी मारून वातीला लागते. मेण आधी वितळलं, मग त्याची वाफ झाली, आणि जळते ती वाफ. स्थायू, द्रव, वायू तिन्ही एका बोटभर जागेत. ज्योत स्वतः पदार्थ नाही, ती तिथे घडत असलेली क्रिया आहे. सावली, आवाज, ऊन हेही मुलं त्याच यादीत आणतात आणि कशाला वस्तुमान आहे, कशाला नाही, यावर पुढचा तास जातो.

फेब्रुवारीच्या अखेरीस मी वर्गाला व्याख्या लिहायला सांगते. १९७२ साली मध्य प्रदेशातल्या होशंगाबाद जिल्ह्यात सोळा शाळांत विज्ञानशिक्षणाचा जो कार्यक्रम सुरू झाला, त्यात मुलं स्वतः प्रयोग करून निष्कर्षाला पोचावीत असा आग्रह होता. अरविंद गुप्तांसारखी माणसं त्या कार्यक्रमात घडली. तो आग्रह मला पटतो, आणि पन्नास मुलांच्या वर्गातही तो पाळता येतो. गटागटाने व्याख्या येतात. ‘ज्याला ठेवायला भांडं लागत नाही तो स्थायू.’ ‘ज्याला भांडं लागतं पण झाकण लागत नाही तो द्रव.’ ‘ज्याला भांडं आणि झाकण दोन्ही लागतं तो वायू.’ मग दुसरा गट उठतो : वाळूला भांडं लागतं. तिसरा म्हणतो, पाण्यालाही झाकण लागतं, नाहीतर फेब्रुवारीत ताटली रिकामी होते. पुस्तकातली व्याख्या मग वाचतो, आणि स्थायूला निश्चित आकार आणि निश्चित आकारमान असतं यातला ‘निश्चित’ हा शब्द का घातला असेल ते त्यांना कळतं, कारण तो शब्द नसताना काय होतं ते त्यांनी पाहिलेलं असतं.

परीक्षेत मी ‘व्याख्या लिहा’ हा प्रश्न टाळते. विचारते, डिसेंबरात वाळलेला टॉवेल जुलैत का वाळत नाही? गोठलेलं तेल बुडतं आणि बर्फ तरंगतो, यावरून काय कळतं? उत्तरं तपासायला वेळ लागतो, पण त्यांत मुलांची स्वतःची वाक्यं असतात. टूथपेस्टवरचा वाद मात्र दर वर्षी अपुरा राहतो. ती दाबल्याशिवाय वाहत नाही, ब्रशवर आकार धरून बसते, तरी नळीत नळीचा आकार घेते. दोन्ही तटांच्या नोंदी मी एका कागदावर उतरवून सातवीच्या विज्ञानशिक्षकांकडे देते, म्हणजे जूनमध्ये त्यांना तिथून पुढे सुरू करता येतं.